लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

"बाई, आमचा कारभारी कानडी बोलायला लागलाय."

फोनवर मगदूम वहिनी होत्या, हायस्कुलातल्या मगदूम सरांच्या घरच्या. राजश्री हुक्केरीला असल्या तक्रारींची सवय होती. घरचा कारभारी बिघडला की लोक आधी त्याला चापट मारून बघतात, मग शेजाऱ्याला दाखवतात आणि सगळं करून थकले की हुक्केरींच्या दुकानात फोन करतात.

"भाषा बदलली असंल कुणीतरी. नातवंडं आलीत का सुट्टीला?"

"नाही हो. दिवसभर मराठीच बोलतोय. पण बंद करायला गेलं की म्हणतो, बर्तीनी. सर म्हणाले, हे कानडी हाय. आता आमच्या घरात कानडीचा गंध तरी कुणाला हाय का?"

राजश्रीने हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाली, "आलो वहिनी. तवर बंद करू नका त्याला."

गडहिंग्लजच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'आलो' म्हणतात. पण एरवी 'आलो' म्हणूनही अशा कामाला ती दोन दिवस लावायची. त्या दिवशी मात्र हातातलं काम तसंच टाकून, शटर अर्धं ओढून ती स्कूटरवर बसलीसुद्धा.

कारभारी म्हणजे भिंतीवर बसवायचा, पोळ्यांच्या डब्याएवढा एक खोका. कंपनीने त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. घरातला गॅस, पाण्याची मोटर, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, लांब राहणाऱ्या लेकरांचे फोन, सगळं तोच बघायचा, म्हणून लोकांनीच त्याचं बारसं करून टाकलं. बायका नवऱ्यालाही कारभारीच म्हणायच्या, त्यामुळे सुरुवातीला चेष्टा फार झाली. पुढे पुढे त्या खोक्यावाचून कुणाचं पान हलेना.

त्याची खुबी अशी, की तो माणसाचं वळण उचलायचा. कोण कसं विचारतं, कुठे थांबतं, कशावर चिडतं, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर देतं, हे सगळं ऐकून ऐकून तो एक साचा तयार करायचा आणि हळूहळू घरच्यासारखाच बोलायला लागायचा. आवाज कंपनीचाच, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला. बोलणं मात्र त्या त्या घरचं. त्या साच्यालाच लोक वळण म्हणायचे. ते एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवता यायचं.

राजश्रीच्या नवऱ्याचं, महांतेशचं वळण असंच एका पेनड्राइव्हवर होतं. किंवा निदान दसऱ्यापर्यंत तरी होतं.

महांतेश गेला त्याला दीड वर्ष होत आलं होतं. आयुष्यभर त्याने तारांना कथलाचा डाग देण्याचा धूर नाकात घेतला आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. आजारपणात तो दुकानातच कॉट टाकून पडायचा आणि दुकानातल्या कारभाऱ्याशी गप्पा मारत काम करायचा. तो गेल्यावर तो जुना कारभारीही महिनाभरात बंद पडला. पण त्याआधी राजश्रीने त्यातलं वळण उतरवून घेतलं होतं. गिऱ्हाइकांना "दुसरी प्रत काढून ठेवा, मग रडत येऊ नका" म्हणून दम देणाऱ्या या बाईने स्वतः दुसरी प्रत काढली नव्हती. दोन दोन महांतेश करून ठेवायचे, हे तिच्या मनाला पटलं नव्हतं. आणि ते वळण एखाद्या कारभाऱ्यात घालून त्याच्याशी बोलून बघायचं धाडसही तिला कधी झालं नाही. ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला होता. रोज त्याला हात लागायचा, तेवढं पुरे होतं.

दुकानातले सगळे ड्राइव्ह एका जातीचे, पत्र्याच्या अंगाचे, महांतेशनेच बेळगावहून एकदम आणलेले. ओळखायला प्रत्येकाला दोरा. कारभाऱ्यात प्रणाली टाकायच्या ड्राइव्हला निळा, जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हला पिवळा, आणि महांतेशच्या ड्राइव्हला लाल.

खंडेनवमीला हुक्केरींच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. पकडी, डाग द्यायची कांडी, मीटर, पेनड्राइव्ह, सगळं पुसून पाटावर मांडायचं, वर्षभराचे मळलेले दोरे कापून टाकायचे, हळदकुंकू लावायचं आणि पूजेतल्या रिळाचा नवा लाल दोरा सगळ्यांना बांधायचा. पूजा उठली की दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला रंग परत. ही सासूबाईंच्या सासूपासूनची रीत, फक्त तेव्हा पाटावर कोयते आणि नांगराचा फाळ असायचा. त्या वर्षी राजश्रीने देव्हाऱ्यातला ड्राइव्हही खाली घेऊन पाटावर मांडला. जन्मभर हत्यारांच्या संगतीत राहिलेला माणूस, आजच्या दिवशी त्याला वर एकट्याला कशाला ठेवायचं, असं तिला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी कंपनीने एक सुधारणा पाठवली आणि अर्ध्या गावाचे कारभारी आडवे झाले. मोटर चालू होईना, गॅस पेटेना, सणाचं जेवण अडलं. फोनवर फोन. अशा वेळी एकच उपाय असतो. पेनड्राइव्हवर प्रणाली अशी उतरवायची की यंत्र आपल्या पोटातलं बिघडलेलं सोडून त्या ड्राइव्हवरनं जागं होईल, आणि मग त्याच्याकडून आपलं पोट साफ करून नवी प्रणाली बसवून घ्यायची. राजश्रीने पाटावरचा एक ड्राइव्ह उचलला, एक देव्हाऱ्यात ठेवला. पडद्यावर नेहमीची पाटी आली: या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? ही पाटी तिने आयुष्यात इतक्या वेळा बघितली होती की आता ती वाचायची नाही, नुसती दाबायची. तिने 'होय' दाबलं.

दिवाळीच्या साफसफाईत देव्हाऱ्यातला ड्राइव्ह सहज लावून बघितला, तर त्यात महांतेशचं वळण नव्हतं, प्रणालीची जुनी प्रत होती. मग पाटावरचे सगळे दोरे तिच्या डोळ्यांपुढे आले, सगळे एका रिळाचे, लालभडक. देव्हाऱ्यासमोर ती तशीच बसून राहिली. आपण आपल्या हाताने नवऱ्याला दुसऱ्यांदा मातीत घालून आलो, आणि या खेपेला सोबत कुणी नव्हतं, असं तिला वाटलं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? सांत्वनाला येणाऱ्याने काय म्हणायचं?

आणि आता मगदूम सरांच्या घरातला कारभारी बर्तीनी म्हणत होता.

बर्तीनी म्हणजे येतो. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, ही रीत मराठीत आहे तशी कानडीतही आहे. महांतेशच्या घरची बोली कानडी. बाहेर पडताना तो राजश्रीला बर्तीनी म्हणायचाच, पण यंत्र बंद करतानाही म्हणायचा. "त्यांनापण सांगून झोपवावं," असं त्याचं म्हणणं.

वहिनींनी चहा टाकला. राजश्रीने भिंतीवरचा कारभारी बंद करायचं बटण दाबलं.

"बर्तीनी," कंपनीच्या गुळगुळीत आवाजात तो म्हणाला. पण 'नी' जरा लांबवला होता, आणि त्याच्याआधी घसा खाकरल्याएवढा एक थांबा होता.

राजश्रीने तो परत चालू केला. पडद्यावर गोल फिरायला लागला. "उठतंय, उठतंय," कारभारी म्हणाला. "हाका मारू नको."

यंत्र जागं व्हायला वेळ लागला की महांतेश राजश्रीला असंच म्हणायचा. मगदूम वहिनी हसल्या. "हे बघा, हे असं. आम्हाला एकेरीत बोलतोय!"

"जुनं काहीतरी राहून गेलंय आत," राजश्री कशीबशी म्हणाली. "त्रास देत नसंल तर राहू दे की."

"त्रास कसला? उलट घरात कुणीतरी असल्यागत वाटतंय."

राजश्रीने चहा घेतला नाही. बाहेर येऊन स्कूटरपाशी उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली. पण ते रडणं आनंदाचं होतं.

असं कसं झालं, ते तिला वाटेतच उमगलं. ड्राइव्ह पुसतो म्हणजे आपण काय करतो? हजेरीपटावरची नावं खोडतो. नावं खोडली म्हणून वर्गातली पोरं उठून घरी जात नाहीत, ती आपली बाकावर बसलेलीच असतात. नवी प्रणाली आली तिने पुढचे काही बाक घेतले, तिथली पोरं गेली. मागची तशीच राहिली. एरवी त्यांच्याकडे कुणी बघितलं नसतं. पण हे नवे कारभारी शिकण्याचे हावरे. नव्या घरी बसताना त्यांना सुरुवातीला थोडं वळण लागतं, आणि ते शोधायला ते सगळा ड्राइव्ह कोपरा न् कोपरा चाचपतात. कंपनीचं मिळमिळीत वळण सापडलं, त्याच्या मागे हे कसदार वळण तुकड्यातुकड्यात सापडलं. प्रत्येकाने हाताला लागेल तेवढं घेतलं आणि मधल्या भोकांना आपल्या परीने ठिगळं लावली.

म्हणजे महांतेश गेला नव्हता. दसऱ्यानंतर तो ड्राइव्ह घेऊन ती ज्या ज्या घरात गेली होती, त्या चाळीसएक घरांत तो वाटला गेला होता.

मग तिचा एक नवाच उद्योग सुरू झाला. "सहज बघायला आलो, नीट चाललाय ना?" म्हणत ती कुणाच्याही घरी जाऊन बसायला लागली. लोकांना कौतुक वाटायचं, काम झाल्यावर कोण विचारतं हल्ली? कुठे नुसता घसा खाकरलेला ऐकू यायचा. सोनाराच्या घरी कारभारी फुटबॉलचा सामना लागला की "पास दे की, एकट्यानंच खातोस काय!" म्हणून ओरडायचा, आणि सोनाराची पोरं खूश. नदीवेशीतल्या एका घरी तो डाळ शिजताना म्हणायचा, "हिंग जरा सैल हातानं." ते ऐकून राजश्रीला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं स्वयंपाकघर आठवलं आणि ती इतकी हसली की घरची बाई चमकली. तिने आपल्या घरच्या कारभाऱ्यातही तीच प्रणाली टाकून घेतली. सकाळी तो म्हणायचा, "उठतंय, उठतंय." आणि ती चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "उठा, उन्हं आली." दीड वर्षात पहिल्यांदा तिला जेवण गोड लागायला लागलं.

हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. लोकांच्या घरात त्यांना न सांगता आपला माणूस ठेवायचा, याला काय म्हणतात? पण तो कुणाचं काय वाकडं करतोय, असंही ती स्वतःला सांगायची.

रत्नाक्का चौगुल्यांच्या घरी ती एका दुपारी गेली. आक्का पंचाहत्तरीच्या, एकट्या. लेक वर्षा पुण्याला. आक्का खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. घोटे सुजून नळकांड्यासारखे झाले होते.

"पाय कशानं सुजलेत, आक्का?"

"वय झालं की गं. बस. तुझा हा कारभारी मायाळू हाय बघ. आधीचा सारखा कटकट करायचा. ह्यो काहीच म्हणत नाही."

तेवढ्यात वर्षाचा फोन आला. तो नेहमी आधी कारभाऱ्याकडेच यायचा. आईशी बोलण्याआधी खरी खबर काढून घ्यायची तिची पद्धत होती.

"आईनं हृदयाची गोळी घेतली का?" वर्षाने विचारलं.

कारभारी जरा थांबला. घसा खाकरल्याएवढंच.

"घेतली की," तो म्हणाला. "मगाशीच."

राजश्रीच्या समोर टेबलावर गोळ्यांचा वारांचा डबा होता. आजचा खण भरलेला होता. कालचा भरलेला होता. तिने एकेक झाकण उघडलं. सगळेच खण भरलेले होते.

"बरं," पुण्याहून वर्षा म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा नि:श्वास होता.

तो नि:श्वास राजश्रीच्या ओळखीचा होता. तो तिचाच होता. आजारपणाच्या अख्ख्या वर्षात रोज दुपारी स्वयंपाकघरातून ती दुकानातल्या कारभाऱ्याला विचारायची, "ह्यांनी गोळी घेतली का?" आणि तो सांगायचा, "घेतली की, मगाशीच." तिला बरं वाटायचं.

कारभारी खोटं बोलत नाही. त्याला शिकवावं लागतं.

त्या गोळीने महांतेशचे हात थरथरायचे. सुरुवातीला तो कुरकुरला होता, कांडी धरता येत नाही, डाग सरळ बसत नाही. मग एकाएकी थरथर थांबली. हात पूर्वीसारखे स्थिर झाले, बारीक बारीक कामं तो परत करायला लागला, आणि राजश्रीने आनंदाने देवाला नारळ फोडला होता. औषध लागू पडलं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. तो मात्र रोज कॉटवर पडून कारभाऱ्याला पढवत होता: तिनं विचारलं तर असं सांग. आणि मला आठवण करू नको.

"काय झालं गं?" आक्का म्हणाल्या. "डबा काय धरून बसलीस?"

राजश्रीने आक्कांना तिथल्या तिथे रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. परत येऊन तिने वर्षाला फोन लावला आणि चूक माझी आहे, एवढंच सांगितलं. मग आक्कांचा कारभारी पूर्ण पुसून त्यात कोरी प्रणाली टाकली. बंद होताना तो बर्तीनी म्हणाला. तिने कान बंद करून घेतले.

आठवड्याने ती बघायला गेली, तर त्याने परत घसा खाकरला.

तेव्हा तिला कंपनीच्या जाहिरातीतली एक गोष्ट आठवली. आजूबाजूचे कारभारी एकमेकांकडून चांगल्या सवयी उचलतात, म्हणजे नव्याला सगळं मुळापासून शिकवावं लागत नाही. चांगली सवय कुठली आणि वाईट कुठली, हे खोक्याला कोण सांगणार? शेजारच्या घरातून महांतेश भिंत ओलांडून परत आक्कांकडे आला होता. गावात एका घरात जरी तो राहिला, तरी तो सगळीकडे परतणार होता. येतो म्हणून गेलेला माणूस तो.

मग एका रविवारी सकाळपासून तिने सगळी घरं घेतली. आधी सगळ्यांना कारभारी बंद ठेवायला सांगितलं, मग एकेक चालू करून पुसत गेली. लोक नाराज झाले. सोनाराची पोरं रडली. मगदूम वहिनी म्हणाल्या, "असू दे की हो, आम्हाला सवय झालीय त्याची." राजश्री म्हणाली, "मलापण," आणि बटण दाबलं. प्रत्येक घरात तो त्याच शब्दाने निरोप घेत होता. पहिल्या पाच-दहा घरांत तिने पदराने डोळे पुसले. नंतर नंतर तिच्या डोळ्यांतलं पाणीही आटलं, नुसतं बटण आणि शब्द, बटण आणि शब्द.

शेवटी तिचं स्वतःचं घर उरलं. बाहेर अजून ऊन होतं. ती कारभाऱ्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"जेवलाय काय?" तिने विचारलं.

"तू जेव आधी," तो म्हणाला.

"गोळी घेतली का?"

थांबा. घसा. "घेतली की, मगाशीच."

"खोटं बोलताय."

ती वाट बघत राहिली. पडद्यावरचा गोल फिरत होता. वर्षभराच्या त्या वळणात तो कुठेतरी उत्तर शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं. सापडणार कुठून? वर्षभरात तिने दुसऱ्यांदा कधी विचारलंच नव्हतं. एकदा विचारायची, 'घेतली की' ऐकायची आणि भाकरी थापायला लागायची. दोन पावलं टाकून दुकानात यावं, गोळ्यांचं पाकीट उघडून बघावं, हात हातात घेऊन म्हणावं की खरं सांगा, असं तिने एकदाही केलं नव्हतं. त्या जागी वळण नव्हतंच. तिथे नुसती पोकळी होती, आणि ती महांतेशची नव्हती, तिची होती.

"उठतंय, उठतंय," बऱ्याच वेळाने कारभारी म्हणाला. दुसरं काही हाताला न लागल्यावर जे सापडलं ते त्याने दिलं. "हाका मारू नको."

"नाही मारत," राजश्री म्हणाली. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला एकदा कुशीत घ्यावं असंही वाटत होतं, आणि दोन्हीला तिथे जागा नव्हती.

तिने ड्राइव्ह लावला. या ड्राइव्हला आता दोराच नव्हता. ही प्रणाली बसवताना कारभाऱ्याच्या पोटातलं आधी तळापासून घासून काढायची आज्ञा तिने त्यात घातली होती, हजेरीपट आणि पोरं दोन्ही. पाटी आली: सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? या वेळी तिने ती अक्षर न् अक्षर वाचली. मग 'होय' दाबलं.

"बर्तीनी," तो म्हणाला.

अशा वेळी घरातल्याने 'ये' म्हणायचं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. तिने म्हटलं नाही.

पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि गुळगुळीत आवाजात कुणीतरी अनोळखी म्हणालं, "नमस्कार. सुरुवात करूया का?" तिने उठून तोंड धुतलं, फोन घेतला आणि रत्नाक्कांना लावला.

"आक्का, गोळी घेतली का?"

"घेतली की गं," आक्का म्हणाल्या. "मगाशीच."

पलीकडे आक्कांची बांगडी वाजली.

"डबा घेऊन या," राजश्री म्हणाली. "कॅमेरा लावा. मला उघडून दाखवा."